तिच्या हातचा घट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कुरडूच्या तुऱ्यांची माळ. नवरात्रातली चौथी माळ. मी उंबऱ्याशी बसून दोरा धरला होता आणि माझी बायको एकेक तुरा त्याला गाठ मारून अडकवत होती.

"जरा सैल धरा वं," ती म्हणाली. "म्हस नाय बांधायची."

"मग तुझी तू धर."

"मला दोनच हात हायत. आठ असते तर तुमाला कशाला बोलावलं असतं?"

मी दोरा सैल धरला तर तिनं तो ओढला, घट्ट धरला तर पुन्हा बोलली. असं करत माळ झाली. तिनं ती घटावर सोडली, दिव्यात तेल घातलं, पदराला हात पुसले आणि गोठ्यात गेली. मी ओटीवर येऊन बसलो. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. पण त्यानंतर दोघांनी मिळून केलेलं दुसरं काही नाही, म्हणून तेच धरून बसलो होतो बरेच दिवस.

आमच्या कडावला बहुतेक घरांत घट बसतात. परडीत शेतातली माती घालायची, तीत धान्य पेरायचं, मधे पाण्यानं भरलेला कलश ठेवून वर पानं आणि नारळ. रोज एक माळ, रोज थोडं पाणी, आणि दिवा मात्र विझू द्यायचा नाही. देवी नऊ दिवस घटी बसते. दसऱ्याला तिला उठवायची. तोवर परडीत वीतभर रोप आलेलं असतं. ते उपटून बायका केसांत खोवतात, पुरुष टोपीत ठेवतात, शेजारीपाजारी वाटतात. माती परत शेतात. इतकंच. आमच्याकडं माती आणायचं काम माझं आणि पेरायचं तिचं. मी आणलेली माती तिला एकदाही पसंत पडली नाही. ह्यात खडे हायत, ही ओली हाय, ही कुठल्या बांधाची उचलली म्हणायची. मग ती चाळायची, आणि भात, नाचणी, मूग, तीळ, गहू आणि वरून वाल पेरायची. वाल ती जास्तच घालायची. वालाचा मोड माती फोडून डोकं वर काढतो तेव्हा त्याच्या डोक्यावर साल टोपीसारखी अडकलेली असते. ते बघायला तिला आवडायचं. "आला बघा टोपीवाला," असं म्हणायची. म्हातारपणी सुद्धा.

पहिल्या माळेला संध्याकाळी आळीतल्या बायका आमच्या घरी जमायच्या आणि ही त्यांना देवीची गोष्ट सांगायची. गोष्ट तिच्या आईकडून आलेली. राकेस म्हशीचं रूप घेऊन आला, शेतात लोळला, उभं भात तुडवलं. देवांना तो आवरेना. मग सगळ्या देवांनी आपापलं हत्यार देवीच्या हातात दिलं.

"हीच तर पुरुषांची रीत," ती म्हणायची. "हत्यार बाईच्या हातात द्यायचं नि आपण बांधावर उभं राहायचं."

सगळ्या बायका ओटीकडं बघून हसायच्या, कारण ओटीवर मी असायचो. मला राग यायचा नाही. ती गोष्ट चांगली सांगायची. देवी वार करते तिथं ती पोळपाट आपटायची आणि लहान पोरी दचकायच्या. नऊ दिवस लढाई चालायची आणि शेवटी राकेस मरायचा. राकेस मेला की मी उठायचो आणि नाक्यावर जायचो. बायका पुढंही बराच वेळ बसलेल्या असायच्या. काय चाललंय ते मी कधी विचारलं नाही.

बायका गेल्या की ही गोठ्यात जाऊन आमच्या म्हशीच्या कपाळाला हळद लावायची. "तुला नाय म्हटलं गं बाय. त्या राकेसाला म्हटलं." आम्ही दुधावर जगलेली माणसं. देवीनं म्हैस मारली म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि सकाळी त्याच म्हशीखाली बसायचं, हे तिला पटत नसे. तिचं म्हणणं, देवीनं म्हशीतला राकेस तेवढा काढला, म्हस तशीच ठेवली. नायतर दूध कुठून आलं असतं?

तर ती चौथी माळ. त्या दिवशी दुपारी भांडी घासून ती आडवी झाली. दुपारी आडवी होणारी बाई नव्हती ती. मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, छातीवर कुणी पाटा ठेवल्यावानी वाटतंय. शेजारच्यानं लगेच टेंपो काढला. कर्जतला पोचेपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता आणि गरम होता. डॉक्टरनं बघितलं, मला बाहेर बाकावर बसवलं आणि शेजारी बसून सांगितलं. पहिल्यांदा मी ऐकलं नाही. त्यानं न चिडता पुन्हा सांगितलं. चांगला माणूस.

संध्याकाळी सगळं उरकलं. अग्नी मीच दिला. आम्हाला एक लेक, ती कुंभिवलीला दिलेली. घरी आलो, अंघोळ झाली, आणि माझी वहिनी देवघराच्या दाराशी उभी राहिली. थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून भावकीत रीत काय आणि विटाळ काय हे वहिनीच सांगतात. स्वर त्यांचा कावळ्याला उडवल्यासारखा.

"भावोजी, घट आजच हलवायला पायजे. सुतकात देवी बसवून ठेवत नाय."

"राहू दे."

"राहू दे म्हंजे? पाणी कोण घालणार? दिवा कोण बघणार? आपल्यातलं कुणी शिवायचं नाय."

"मग नका शिवू. पण उपटायचा पण नाय. तिनं दसऱ्यापर्यंतचा पेरलाय."

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं आणि त्या गप्प बसल्या. त्यांच्या गप्प बसण्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, कारण ते त्यांना सोपं जात नाही.

आमच्याकडं माणूस गेलं की जिथं ते निजायचं तिथं पीठ पसरून दिवा लावतात. त्यामुळं घरात दोन दिवे झाले. मधल्या खोलीत तिचा आणि समोर देवघरात देवीचा. मी तिच्या दिव्याशी बसलो. तिथून देवघर सरळ दिसतं. देवीच्या दिव्यातलं तेल खाली चाललं होतं आणि मला आत जाऊन घालता येत नव्हतं. लेक जवळ बसली होती, पण लग्न झालेल्या लेकीलाही आईबापाचं तीन दिवसांचं सुतक असतं. तिलाही शिवता येईना. शेवटी शेजारच्या आळीतली एक सून येऊन तेवढं तेल घालून गेली, बिचारी घाबरत घाबरत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवाली आली. ती ठाकूरवाडीच्या बाजूची, ठाकर बाई, वयानं आमच्या हिच्याएवढीच. रानातल्या भाज्या, करांदे, फुलं घेऊन कर्जतला उतरायची आणि तिथून टेंपोनं आमच्याकडं. दोघींची मैत्री कशावरून झाली ते मला माहीत नाही. एकदा भाजीचा भाव करताना भांडल्या होत्या, त्यानंतर झाली असावी. आमच्या घरात वाडीवरचं माणूस पूर्वी ओटीच्या आत येत नसे, हे लपवून काय करायचं? हिनं तिला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. भावकीत चार लोक बोलले. ही म्हणाली, तिनं आणलेलं करांदं पोटात चालतं, ती चुलीपाशी चालत नाय होय?

तर त्या सकाळी ती पाचव्या माळेची फुलं घेऊन आली. तिला काही माहीत नव्हतं. ओटीवर माणसं बघून दारातच थांबली.

"कोण?" तिनं विचारलं.

ओटीवरच्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मी बोललो. ती टोपली डोक्यावर तशीच ठेवून खाली बसली. रडली नाही. बराच वेळ नुसती जमिनीवर बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, आजची माळ?" वाडीवरची माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, दादा म्हणतात. मला ते बरं वाटतं.

"आता कसली माळ," वहिनी म्हणाल्या. "सुतक हाय आमाला."

"तुमाला हाय. मला कुठं हाय?"

वहिनींनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा देवघराकडं. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी बघत होतो. मग त्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "पाय धुऊन जा."

ती पाय धुऊन आत गेली. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधून तिनं एकटीनं माळ केली. पाणी घातलं, तेल घातलं. जाताना म्हशीला चारा टाकून गेली, कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्यानंतरच्या दिवशी पुन्हा. उजाडता घाट उतरून यायची. बाजार बुडवला तिनं. मी एकदा म्हटलं, टेंपोभाडं तरी घे. तर म्हणाली, दादा, ती असती तर तुझ्या डोक्यात लाटणं घातलं असतं.

आमच्यात आभार मानायची पद्धत नाही. कुणी ताट आणलं तर आपण ताट धरतो, कुणी खांदा दिला तर मान हलवतो. त्या दिवसांत ज्यांना सुतक नव्हतं अशा घरांतून पिठलं-भाकरी येत होती. कुणी टेंपो दिला, कुणी लाकडं उचलली, कुणी नुसतंच शेजारी येऊन विडी ओढत बसलं. मी कुणाला काही बोललो नाही. तेव्हा तोंडातून येत नव्हतं, आता लिहून तरी म्हणतो. बरं केलंत.

मी मात्र जागचा हलत नव्हतो. देवी घटी बसली होती आणि मी तिच्या समोर. अंघोळीपुरतं उठायचो, दोन घास खायचो, परत तिथंच. परडीतलं रोप रोज वाढत होतं. अंधारात वाढलेलं पिवळट हिरवं. वालाचे टोपीवाले सगळ्यांत पुढं. मी ते बघत बसायचो. घरात तिच्या हातचं बरंच होतं. गोधडी होती, बरणीत लोणचं होतं. पण गोधडी आहे तेवढीच राहणार आणि लोणचं संपणार. तिच्या हातचं आणि अजून वाढतंय असं हे एकच होतं. माझ्या डोक्यात बसलं की हे वाढतंय तोवर ती पुरती गेलेली नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हटलं असतं, आणि ते खोटं नव्हतं.

वहिनी मधून मधून दारातून बोलायच्या. "भावोजी, हळवं भात पिकलंय. झडायला लागंल." मी हूं म्हणायचो.

दसऱ्याच्या सकाळी वाडीवाली आली ती झेंडूची फुलं घेऊन. माळ घातली, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, आज उठवायची ना देवी?"

"नाय."

"मग कधी?"

"तिचं तेरावं होऊ दे. मग बघू."

"तवर कुजंल."

"पाणी कमी घाल."

"घालीन. तरी कुजंल. मुळं परडीला लागलीत."

मी परडीकडं बघत राहिलो. तिनं वाद घातला नाही. ओटीवर जाऊन मिसरी लावत बसली. तिला परत जायचं होतं, तिच्या घरी दसरा होता, पण ती गेली नाही. वहिनी आल्या, त्या मात्र बोलल्या. दसऱ्याला देवी उठवली नाही असं सात पिढ्यांत झालं नाही, म्हणाल्या. लोक काय म्हणतील, म्हणाल्या. मी म्हटलं, लोकांना सांगा की म्हातारा आडवा पडलाय. त्या म्हणाल्या, आडवा पडला असतात तर बरं होतं, बसून राहिलाय त्याचं काय करायचं?

दुपारी लेक आली. तिचं सुतक फिटलं तेव्हा घरी गेली होती, पोरांचं बघायला. दर दसऱ्याला ती कुंभिवलीहून येते. तिची आई तिच्या केसांत रोप खोवायची, ती आईच्या केसांत. मग दोघी मिळून मला हसायच्या, कारण माझ्या टोपीत रोप कधी सरळ राहत नसे.

ती दारात आली, देवघरात बघितलं, माझ्याकडं बघितलं. वाडीवालीनं ओटीवरून तिला काय ती खूण केली असणार. लेक माझ्यासमोर बसली.

"बाबा, माझं रोप?"

"तेराव्याला देतो."

"तेराव्याला ते काळं पडलेलं असंल. मला आज पायजे. हिरवं पायजे."

"एवढं काय त्यात? बाजारातनं गहू आण, पेर घरी."

बोललो आणि लगेच वाईट वाटलं. लेकीचे डोळे भरले, पण ती तिच्या आईची लेक. पुसले आणि म्हणाली, "आईची गोष्ट ठावं हाय ना तुमाला?"

"न ठाऊक असायला काय झालं? राकेस मरतो."

"आणि पुढं?"

"पुढं काय?"

लेकीनं वाडीवालीकडं बघितलं. वाडीवाली मिसरीचं बोट तोंडातच ठेवून माझ्याकडं बघत होती.

"ह्याला पुढचं ठावंच नाय," ती म्हणाली.

"पुढं काय?" मी पुन्हा विचारलं.

मग दोघींनी सांगितली. एक थांबली की दुसरी बोलायची, मधेच एकमेकींच्या चुका काढायच्या. राकेस मेला. मग देव बांधावरून खाली उतरले आणि आपापली हत्यारं मागायला लागले. माझा त्रिशूळ दे, माझी तलवार दे. पण देवीच्या मुठीच सुटेनात. नऊ दिवस आवळून आवळून बोटं आखडली होती. देव ओढून दमले. ओढलं की मूठ आणखीच आवळायची. देवी तशीच गावात आली. हातांत हत्यारं, त्यामुळं पाणी पिता येईना, तोंड धुता येईना, पोर पुढं आलं तर उचलता येईना. गावातल्या बायकांनी तिला बसवलं. एका म्हातारीनं परडीत रुजत घातलेलं धान्य होतं. तिनं कोवळं रोप उपटलं आणि देवीच्या मुठीपाशी धरलं. "हे घे बाय," म्हणाली. रोप धरायचं तर बोटं सैल करावी लागतात. आवळलं की चुरगाळतं. देवीनं एक बोट उघडलं. मग दुसरं. हत्यारं आपोआप खाली पडली.

"म्हणून दसऱ्याला उपटायचं," लेक म्हणाली. "आणि स्वतःकडं ठेवायचं नाय, दुसऱ्याच्या हातात द्यायचं. नाय दिलं तर तिची मूठ तशीच राहते. आई दर वर्षी सांगायची."

मी माझ्या बोटांकडं बघितलं. माझं सगळं आयुष्य विळा धरण्यात गेलं. कापणीच्या दिवसांत संध्याकाळी विळा टाकला तरी बोटं वाकडीच राहतात, त्यांना तेल लावून एकेक सरळ करावं लागतं. ते मला कुणी समजावायची गरज नव्हती. मला वाटत होतं ते दुसरंच. इतकी वर्षं तिनं ही गोष्ट माझ्यापासून दहा पावलांवर सांगितली आणि मी अर्ध्यावर उठून गेलो. तिनं एकदाही म्हटलं नाही की बसा, अजून आहे.

"मला कधी बोलली नाय ती," मी म्हटलं.

"तू थांबलास कधी?" वाडीवाली म्हणाली. "राकेस मेला की पुरुष उठतोच. आमच्या वाडीवर पण तेच."

दारातून वहिनींचा आवाज आला. त्या कधीपासून तिथं उभ्या होत्या कोण जाणे. "भावोजी तर राकेस पुरता मरायच्या आधीच चपला शोधायचे."

वाडीवाली आधी हसली. मग लेक. मग मला ऐकू आलं की मी पण हसतोय. वहिनी म्हणाल्या, "सुतकाचं घर हाय, हसताय काय?" आणि पदर तोंडावर धरून त्याच सगळ्यांत जास्त हसल्या. त्या घरात तेवढे दिवस हा आवाज नव्हता. मी समोर बघितलं. रोप खरंच एका बाजूला कलायला लागलं होतं, बुडाशी पिवळं. आणखी दोन दिवस ठेवलं असतं तर लेकीच्या हातात द्यायला काही राहिलं नसतं. हे दिसत होतं मला सकाळपासून.

"उपट," मी म्हटलं.

लेक लगेच उठली नाही. "नक्की?"

"उपट म्हटलं ना. ऊन जायच्या आत शेतात जायचं हाय."

ती आत गेली. नारळ उचलला, कलश हलवला. मग रोपाच्या बुडाशी हात घातला. मला वाटलं होतं, बघवणार नाही. पण बघितलं. रोप एकेकटं निघालंच नाही. मुळं एकमेकांत इतकी विणली गेली होती की सगळी माती परडीच्या आकारात एका तुकड्यात वर आली. खालून पांढरी, जाळीसारखी. लेकीनं ती तशीच दोन्ही हातांत धरून मला दाखवली. "बघा," म्हणाली, "आईनं किती दाट पेरलंय." दाट पेरायची ती सवयच होती तिची. आयुष्यभर बोललो मी त्यावरून.

पहिली जुडी लेकीनं वाडीवालीच्या केसांत खोवली. वाडीवालीनं लेकीच्या. दोघी एकमेकींच्या डोक्याशी हात ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग उरलेल्या जुड्या ज्या घरांतून पिठलं आलं होतं त्या घरांसाठी वेगळ्या केल्या. वहिनी दारातून बघत होत्या. त्यांना सुतक, त्यांना घेता येईना.

"पुढच्या वर्षी, काकी," लेक म्हणाली.

"जगले तर," वहिनी म्हणाल्या.

"तुमी कुठं जाताय? तुमाला न्यायला यम येईल नि तुमी त्याला पाय धुवायला लावाल."

मग आम्ही शेताकडं निघालो. पुढं लेक परडी घेऊन, तिच्यामागं वाडीवाली कलश घेऊन, मागं मी. राख सावडायला गेलो तेवढं सोडलं तर चिता पेटवून आलो त्यानंतर घराबाहेर पडलो तो तेव्हाच. दसऱ्याचं ऊन लख्ख पडलं होतं. माथेरानचा डोंगर धुतल्यासारखा दिसत होता. बांधावर मधे मधे थांबत होतो, इतके दिवस बसून पाय आखडले होते. भात सगळं पिवळं होऊन वाकलं होतं. कडेच्या खाचरातलं तर आडवंच झालं होतं. वहिनी ओरडत होत्या ते खोटं नव्हतं.

"माती कुठनं काढली होती?" लेकीनं विचारलं.

मी जागा दाखवली. पावडं मारलेला खड्डा तसाच होता. तिनं माती त्यात ठेवली, हातानं फोडली, वाडीवालीनं कलशातलं पाणी ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. तिथं उभं राहून काही म्हणायचं असतं का ते मला ठाऊक नव्हतं. दरवर्षी हे तीच करायची. मग मी तिच्यासारखंच म्हटलं, जसं पाहुणीला म्हणतात तसं, "ये परत." देवीला म्हटलं. दुसरं कुणी परत येणार नाही एवढं मला कळतं. पण देवी येते, दर वर्षी येते, आणि आमच्या घरी नऊ दिवस बसते, हे थोडं आहे का? चाळीसच्या वर वर्षं माझ्या घरात तिला जेवू घालणारी बाई होती. गोष्ट सांगणारी होती. म्हशीची समजूत काढणारी होती. मी अर्धवट ऐकलं तरी ती सांगत राहिली. मला कमी पडलं असं मी म्हणू शकत नाही.

लेक त्या रात्री थांबली. देवघरातल्या दिव्यात कुणी तेल घातलं नाही, तो दिवेलागणीच्या सुमारास शांत झाला. मधल्या खोलीतला तिचा दिवा होता, तो तिचे दिवस होईपर्यंत ठेवायचा. त्यात मी तेल घातलं आणि आडवा झालो. झोप लागली. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा वहिनी अंगणात कुणावर तरी ओरडत होत्या. मी तोंड धुतलं, लेकीनं केलेला चहा घेतला आणि विळ्याला धार लावली. लेकीनं डोक्याला बांधायला फडकं दिलं. शेतावर गेलो तर वहिनी आणि भावकीतल्या बायका आधीच खाचरात उतरल्या होत्या. माझ्याच खाचरात. मला न विचारता, कडेचं आडवं झालेलं भात कापायला घेतलं होतं त्यांनी.

मी त्यांच्या रांगेला लागलो. कंबरेनं पहिल्याच मुठीला तक्रार केली. मी मागं पडलो.

"भावोजी," वहिनी पुढून ओरडल्या, "तुमच्यासाठी रांग थांबवू काय?"

"तुमी व्हा पुढं," मी म्हटलं. "मी येतो."

त्या झाल्या पुढं. मी मधे एकदा बांधावर टेकलो, पाणी प्यालो, परत उतरलो, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत माझी ओळ संपवली.